खाडीतला पालू आणि सॉफ्ट प्लॅस्टिक : कोल्हापूरहून घाट उतरणाऱ्यांसाठी

घाटउतार :
मंडळी, गेल्या दीड महिन्यात तीन रविवार कोकणातल्या वाघोटणच्या खाडीवर घालवले आणि तिन्ही वेळा पालू (खाडीतला काळसर मासा) न मिळताच घाट चढलो. पहाटे साडेतीनला रंकाळा स्टँडवरून निघायचं, गगनबावड्यात चहा घ्यायचा, घाट उतरून सातच्या आत पाण्यावर. कष्टात कमी पडलो असं वाटत नाही, म्हणून इथे विचारतोय.

मला पालू सॉफ्ट प्लॅस्टिकवरच, म्हणजे मऊ रबरी नकली आमिषावरच काढायचा आहे. शेजारी गावातली पोरं जिवंत कोळंबी लावून दोन-दोन पालू सहज काढतात, ते डोळ्यांनी पाहतोय. पण कोल्हापूरहून येणाऱ्याला सकाळी सातला जिवंत कोळंबी कुठून मिळणार? रबराची पाकिटं कधीही खिशात असतात. शिवाय मरळीला रबरी बेडूक टाकून टाकून हाताला ल्यूरची (नकली आमिषाची) गोडी लागली आहे.

सामान : ७ फुटी मध्यम ताकदीची काठी, २५०० नंबरचं रीळ, १५ पाउंडी ब्रेड (विणलेला दोरा), पुढे तेवढ्याच ताकदीचा साधा तंगूस. ४ इंची शॅड (माशाच्या आकाराचं रबर), चपट्या शेपटीचे. जिगहेड (शिशाचं डोकं असलेले गळ) १० ग्रॅमचे, कारण लांब फेकता येतात. जुन्या धक्क्याच्या खांबांच्या पलीकडे फेकायचं आणि सलग गुंडाळत आणायचं. तिन्ही रविवार मिळून हाताला एकच ‘टक्’ जाणवलं, आणि वर काढलं तर शेपटी गायब. तिचा फोटो लावलाय.

चूक कुठे होतेय ते स्पष्ट सांगा.

बंधाऱ्यावरचा :
भावा, लई जड वापरायलास. १० ग्रॅम म्हंजे दगूड हाय त्यो. आणि वडत आणायची सवय आपल्याला मरळीनं लावलीया. मरळ मागनं पळत येऊन गिळती. पालूचं मला ठावं न्हाई, पण बंधाऱ्यात चिलापीला बारकं रबर टाकतो तवा वडलं की ती बघत बी न्हाई. नुसतं सोडून दिलं, खाली जाऊ दिलं, की येती.

सुकतीभरती :
झिला, फोटो बघलंय. शेपटी कात्रीन कापल्यासारी गोल गेली हा. ता पालवाचा काम नाय, ता केंड माशाचा. पालू चावलो तर रबर चेंगारता, दात उमटतत.

पुढचं सगळ्यांना नीट कळावं म्हणून पुस्तकी भाषेत लिहितो. केंडाची चोच पोपटासारखी, म्हणून तुकडा साफ जातो. पालूचे पुढचे दात सुळ्यासारखे आणि मागे दाढा, सुपारी फोडाव्यात तशा. कालवं, खुबे, लहान कुर्ल्या तो त्या दाढांनी फोडून खातो. म्हणून तर खांबाला चिकटून राहतो, कारण खांबावर कालवं असतात. तुमचा शॅड खांबाच्या पलीकडे पडला आणि पाण्याच्या मधून धावत आला. पालूचं जेवण कधी धावत जात नाही. ते खांबावरून सुटतं आणि खाली पडतं.

दुसरं म्हणजे वेळ. तुम्ही रविवार बघून येता, पाणी बघून येत नाही. गेल्या तिन्ही रविवारच्या तिथ्या कोणत्या होत्या?

घाटउतार :
काका, तिथी कधी बघितलीच नाही. आता कालनिर्णय काढून पाहिलं : एक रविवार अमावास्येचा, एक अष्टमीचा, एक पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचा.

सुकतीभरती :
मग उत्तर तिथेच आहे. आमच्याकडे शाळेत न गेलेली माणसंही भरती पाऊणकीने काढायची. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन : पहाटे तीनला भरती, दुपारी तीननंतर दुसरी, आणि मधे नवाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा : सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब एकच, पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितके आत जाल तितकं पाणी उशिरा वळतं. तोंडाशी नऊला वळलं तर आत दहा वाजतात.

पालूला सुकतीचा (ओहोटीचा) शेवटचा तास आणि भरती लागतानाचा पहिला तास सगळ्यात चांगला. पाणी उतरलं की कांदळवनातली कोळंबी आणि बारकी पिल्लं मुख्य पात्रात यायला लागतात आणि पालू खोलगट जागी, खांबांच्या बुडाशी जमतो. अमावास्येला तुम्ही सकाळी सातला पोहोचलात तेव्हा भरती जोरात चढत होती. उधाणाचं पाणी, गढूळ आणि ओढ जबर. हलकं आमिष तिथे टिकत नाही. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी. पाणी मेल्यासारखं, आणि ओहोटी भर बारा वाजता, डोक्यावर ऊन. कोल्हापूरकरांना सोयीची तिथी तृतीया ते पंचमी. सातला या, साडेआठ ते दहा हा तुमचा वेळ.

घाटउतार :
हे मला सोन्यासारखं मिळालं. तीन रविवारांचं पेट्रोल वाचलं असतं.

सिडनीतला कोल्हापूरकर :
धागा वाचून राहवलं नाही. मूळचा मंगळवार पेठेतला, आता १२ वर्षं सिडनीत. इथे ब्रीम म्हणजे आपल्याकडे मरळ जशी, प्रत्येक गळवाल्याची पहिली शाळा. आणि सॉफ्ट प्लॅस्टिकवर ब्रीम काढणं हा इथे स्वतंत्र नाद आहे, त्याच्या स्पर्धा होतात.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण माझ्या चुलतभावाचे यात पैसे गेले. ‘ब्रीम’ असं शोधलं की तीन वेगवेगळे मासे येतात. इंग्लंडातला ब्रीम गोड्या पाण्यातला, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. त्याला तळाशी चारा टाकून, आळ्या लावून धरतात. अमेरिकेच्या दक्षिणेत तळ्यातल्या छोट्या सनफिशला ब्रीम म्हणतात. आणि ऑस्ट्रेलियातला ब्रीम हा खाडीतला, अकॅन्थोपॅग्रस या प्रजातीतला. आपला काळसर पालू, अकॅन्थोपॅग्रस बेर्डा, ह्याच प्रजातीतला, म्हणजे सख्खा नसला तरी चुलत. इथे मुख्यतः दोन : पिवळ्या परांचा ऑस्ट्रालिस आणि काळा बुचेरी. तेव्हा व्हिडिओ बघायचे तर ऑस्ट्रेलियातले बघा. चुलतभावाने इंग्लंडचे बघून चाऱ्याचे पिंजरे आणि जड काठी मागवली होती, ती माळ्यावर पडून आहे.

आता सामान. इथे ब्रीमला जे वापरतात ते तुमच्या निम्म्याहून हलकं :

काठी ७ फुटी, पण २ ते ४ किलो दोऱ्याची, टोक मऊ. रीळ १००० ते २५००, तुमचं चालेल. ब्रेड ४ ते ६ पाउंडी. त्यापुढे दीड-दोन मीटर फ्लुरोकार्बनचा तंगूस, ६ पाउंडी. खांबांवर कालवं फार असतील तर ८. ब्रेड कालवाला नुसता घासला तरी तुटतो, फ्लुरो थोडा तग धरतो. जोडायला डबल युनी गाठ पुरते. एफजी नावाची गाठ जमली तर उत्तम, ती काठीच्या कड्यांतून अडकत नाही.

रबर २ ते ३ इंची. वळणदार शेपटीचा ग्रब (अळीसारखं रबर), किंवा कोळंबीच्या आकाराचा बारीक तुकडा. रंग स्वच्छ पाण्यात मातकट, हिरवट, आत चमकीचे कण असलेला. जिगहेडच्या पाकिटावर वजन औंसात असतं : १/१६ औंस म्हणजे सुमारे १.८ ग्रॅम, १/१२ म्हणजे २.४, १/८ म्हणजे ३.५. ब्रीमचं नव्वद टक्के काम या तिघांत होतं. गळ २ इंचीला ४ किंवा २ नंबर, ३ इंचीला १ नंबर. लक्षात ठेवा, नंबर वाढला की गळ बारीक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सुकतीभरती काकांनी सांगूनच टाकलंय : ते खाली पडतं. ब्रीम बहुतेक वेळा रबर खाली जाताना घेतो. फेकायचं, रिळाची बेल (दोरा सोडणारी तार) बंद करायची, दोरा जेमतेम सैल ठेवायचा आणि काहीही करायचं नाही. तळाला टेकलं की टोक दोनदा हलकं उचलायचं, की पुन्हा पडू द्यायचं. पडताना हाताला काही लागत नाही, म्हणून डोळे दोऱ्यावर. ब्रेड जिथे पाण्यात शिरतो तिथे बघत राहायचं. खाली जाता जाता तो थबकला, किंवा बाजूला वितभर सरकला, की मासा आहे.

नवा गळ :
दादा, जिगहेडवर रबर लावायची काही पद्धत असते का? मी लावतो तेव्हा ते पाण्यात गोल गोल फिरतं आणि दोऱ्याला पीळ पडतो.

सिडनीतला कोल्हापूरकर :
असते, आणि ती नीट शिका, कारण वाकडं लागलेलं रबर ब्रीम घेत नाही. जिगहेड रबराच्या शेजारी धरा, शिशाचं डोकं रबराच्या तोंडाशी. गळाचा बाक जिथे येतो तिथे अंगठ्याच्या नखाने रबरावर खूण करा. आता टोक तोंडाच्या बरोबर मध्यात खुपसा, शिवण असते त्या रेषेत सरळ आत न्या आणि खुणेवर पाठीतून बाहेर काढा. डोक्यापर्यंत सरकवा. मग समोर धरून बघा. पाठ ताणली गेली असेल किंवा पोटाकडे बाक आला असेल तर काढा आणि पुन्हा लावा. तोंडाशी फाटलं तर टोकाचा मिलिमीटरभर कापून टाका. पाण्यात पायाशी एकदा सोडून बघायचं. सरळ खाली गेलं तरच फेकायचं.

शिंपला :
मी कोल्हापुरातच प्राणिशास्त्र शिकवते, गळ टाकत नाही, पण वडील टाकायचे. पालूबद्दल एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी. या प्रजातीतले अनेक मासे आधी नर असतात आणि वय वाढल्यावर त्यांतले बरेच मादी होतात. बेर्डाही त्यातलाच. जिताड्याचंही तसंच. म्हणजे सर्वांत मोठा पालू तुम्ही कौतुकाने घरी नेता तेव्हा खूप अंडी देणारी मादी नेत असता. एका खांबाखालचे दोन-चार मोठे पालू काढले की त्या जागेला सावरायला वेळ लागतो. मधल्या आकाराचा एखादा खा, मोठा सोडा. हात ओले करून धरा, अंगावरचा बुळबुळीत थर निघू देऊ नका, आणि फोटोसाठी मिनिट-मिनिट हवेत टांगू नका.

सिडनीतला कोल्हापूरकर :
ताई, अगदी बरोबर. इथे न्यू साउथ वेल्समध्ये २५ सेंटीमीटरपेक्षा लहान ब्रीम ठेवता येत नाही आणि माणशी १० हून जास्त नाहीत. गळ टाकायला परवाना शुल्कही भरावं लागतं. अधिकारी खरंच पट्टी घेऊन येतात. काठीवरच २५ वर खूण करून ठेवायची सवय आपणही लावावी.

बंधाऱ्यावरचा :
मरळीचं बी हेच सांगतो ताई. पावसाळ्यात मरळीची पिल्लं लालभडक, पाण्यावर थवा करून फिरत्यात, आणि खाली आई-बाप राखण करत असत्यात. त्या थव्यात बेडूक टाकला की मरळ रागानं येती, भुकेनं न्हाई. लोक त्येलाच शिकार म्हंत्यात. ती काढली की सगळी पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात. मी दोन पावसाळं झालं, थवा दिसला की काठी गुंडाळून घरी येतो. सगळ्यांनी असं करावं ही हात जोडून इनंती.

नवा गळ :
धरणांवर सॉफ्ट प्लॅस्टिक चालतं का? राधानगरीला जायचा विचार आहे.

बंधाऱ्यावरचा :
राधानगरीला नगं. तिथलं रान अभयारण्याचं, हद्दीत गळ घिऊन शिरायचं न्हाई. बाकीच्या तलावांवर मासेमारीचा ठेका बहुतेक सोसायट्यांकडं असतो, आदी त्यास्नी इचारायचं. इचारलं की कुणी न्हाई म्हणत न्हाई, न इचारता गेलं की भांडणं. शिकायला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बेस्ट. पावसाळा सरला की बरगं, म्हंजे पाणी अडवायच्या फळ्या, घालत्यात, पाणी थांबतं आणि निवळतं. भिंतीपासनं लांब, गवताच्या कडंला बारकं रबर सोडायचं. पायऱ्या शेवाळलेल्या असत्यात, एकटं जाऊ नगं. आणि पाण्याला वास यायला लागला, मासं वर येऊन तोंड उघडायला लागलं, की तितं गळ टाकायचा न्हाई आणि तितला मासा खायचा बी न्हाई. पंचगंगंचं हे दरसाली बघतोय, पोटात तुटतं.

घाटउतार :
आठ दिवसांत काय केलं ते सांगतो.

हलकं सामान घेतलं. दुकानात दोन ग्रॅमचे जिगहेड मागितले तर काउंटरवरच्याने ‘यानं काय होणार’ म्हणून सात ग्रॅमचे पुढे केले. मी हट्टाने हलकेच घेतले.

मग मामाच्या शेतातल्या विहिरीवर गेलो. दुपारी ऊन सरळ पडतं तेव्हा पाणी पार खालपर्यंत दिसतं. कठड्यावर पोटावर झोपून जुना १० ग्रॅमचा शॅड सोडला. सरळ रेषेत गेला, शेपटी काठीसारखी ताठ, आणि तळाला आपटून गाळाचा ढग उठला. मग १.८ ग्रॅमवर अडीच इंची ग्रब सोडला. तो सावकाश उतरत गेला, शेपटी सारखी वळवळत, आणि दोन हातांवर गेल्यावर किंचित कलून पुन्हा सरळ झाला. अगदी खांबावरून सुटलेलं काहीतरी. विहिरीतली बारकी चिलापी कडेकडेने आली, त्याच्या मागे मागे खाली गेली आणि एकीने शेपटीला तोंड लावलं. कठड्यावर मला काहीच जाणवलं नाही. दोरा मात्र बोटभर बाजूला गेला. काका आणि सिडनीकर जे सांगत होते ते तिथे डोळ्यांना दिसलं. तासभर तिथेच पडून होतो. टोक किती उचललं की रबर किती उडतं, हे पहिल्यांदा कळलं : मनगट इंचभर हललं तरी ते खाली वितभर उडी मारतं. आजवर मी हातभर झटके देत होतो.

एक प्रश्न. डब्यात दोन कंपन्यांची रबरं एकत्र ठेवली होती, ती एकमेकांना चिकटून वितळल्यासारखी झाली. माल खराब आहे का?

सिडनीतला कोल्हापूरकर :
माल खराब नाही. बहुतेक सॉफ्ट प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी, त्यात मऊपणासाठी तेलकट द्रव्य मिसळलेलं. दुसरा प्रकार टीपीईचा, रबरासारखा ताणणारा आणि पाण्यात तरंगणारा. दोन्ही एकत्र राहिले की एकमेकांना वितळवतात. ज्याचं त्याच्या मूळ पाकिटात ठेवा. टीपीईचा फायदा म्हणजे डोकं तळाला टेकलं तरी शेपटी वर उभी राहते, आणि केंडाच्या चोचीलाही चिवट. गाडीच्या काचेखाली कुठलंच ठेवू नका, वाकडं होतं. वाकडं झालंच तर कपभर कडकडीत गरम पाण्यात काही सेकंद बुडवून सरळ धरायचं आणि गार पाण्यात टाकायचं.

हे रबर आलं कुठून तेही ऐका. १९४९ साली अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम या माणसाने घरच्या घरी प्लॅस्टिक वितळवून, साच्यात ओतून पहिलं मऊ गांडूळ केलं. अ‍ॅक्रन म्हणजे टायरच्या कारखान्यांचं गाव. त्याआधी रबरी गांडुळं होती, पण कडक. मऊपणा हाच शोध होता, कारण माशाने तोंडात घेतल्यावर लगेच थुंकू नये.

शिंपला :
मग एक विनंती. हेच मऊ प्लॅस्टिक पाण्यात वर्षानुवर्षं तसंच राहतं. तुटलेले तुकडे खिशात घालून परत आणा. माशांच्या पोटात ते फुगलेले सापडतात. आणि जिगहेडचं डोकं शिशाचं असतं, दातांनी दाबू नका, जेवायच्या आधी हात धुवा.

घाटउतार :
ताई, आजपासून एक रिकामी पिशवी कमरेला. आणि आता बातमी. काल वद्य चतुर्थी होती. गेलो.

घाटात धुकं दाट होतं, त्यामुळे पोहोचायला साडेसात वाजले. पाणी उतरत होतं, खांबांवर कालवांचा पट्टा कमरेइतका उघडा पडलेला. मागच्या वेळी तो पट्टा पाण्याखाली होता, म्हणून मी कधी पाहिलाच नव्हता. आठच्या सुमारास ओढ कमी झाली. १.८ ग्रॅम, मातकट ग्रब. पहिल्या चार फेकी खांबापासून लांब पडल्या, भीतीने. पाचवी खांबाच्या हातभर अलीकडे पडली. बेल बंद केली आणि मनात आकडे मोजायला लागलो. सातवर दोरा थांबला. तळ दहावर लागत होता, एवढं आधीच्या फेकींत मोजलेलं. हाताला काहीच नव्हतं. फक्त दोरा सातवर थांबला होता.

झटका दिला नाही. टोक हळू उचललं, आणि तिथे वजन होतं. मग जे काही झालं ते तीन-चार सेकंदांत : तो सरळ खांबाकडे पळाला, रीळ किंचाळलं, मी पाण्यात दोन पावलं गेलो आणि काठी आडवी करून त्याला बाहेरच्या बाजूला वळवला. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) दोऱ्याच्या ताकदीच्या पाव हिश्शावर ठेवला होता. घट्ट असता तर तिथेच तुटलं असतं.

पालू. काठीवरच्या खुणेने २७ सेंटीमीटर. पाठ धुरकट काळी, खवल्यांच्या कडा उन्हात चंदेरी, वरच्या पराचे काटे ताठ उभे. एक काटा अंगठ्यात गेलाच, अजून ठणकतोय. फ्लुरो शेवटच्या वीतभर खरवडला होता, बोटाला खरखर लागत होती. तेवढा कापून नवीन गाठ मारली.

त्यानंतर पाऊण तासात आणखी दोन. एक २२ चा, सोडला. तिसरा ३४ चा. त्याला पाण्यातच गळ काढून सोडला, फोटो नाही. ताई, तुमच्यामुळे. हातातून सुटल्यावर क्षणभर तिथेच थांबला, मग शेपटीचा एक फटका मारून खांबाखाली गेला. दहाला भरती नीट लागली आणि सगळं बंद. २७ चा घरी आणला. आईने नुसतं मीठ, हळद, चटणी लावून तव्यावर भाजला. आईला समुद्राचा मासा फारसा आवडत नाही, तिने अर्धा खाल्ला.

सुकतीभरती :
शाब्बास झिला. सातवर थांबलो ता तुका कळला, आता तुका कोण शिकवूक नको.

एक लक्षात ठेवा. गाठ प्रत्येक माशानंतर नवी, मासा निसटला तरी. आणि मोठ्या पावसानंतर लगेच येऊ नका. गोडं पाणी आलं की पालू खाडीच्या तोंडाकडे सरकतो. पाणी निवळून पुन्हा खारट झालं की परततो.

बंधाऱ्यावरचा :
जगात भारी भावा! हितं मी बी तसंच केलं काल. बंधाऱ्यावर गवताच्या कडंला रबर सोडलं, गळाचं टोक रबरातच लपवून, म्हंजे गवतात अडकत न्हाई. थंडीत मरळ बेडकावर उठत न्हाई, आळशी होती. सोडलं आणि बसलो. दोरा हळूच चालाय लागला. सव्वा किलोची मरळ. बेडकावर जसा धडाका असतो तसलं काय न्हाई, नुसता दोरा चालतोय. छातीत धडधड मातर डबल.

नवा गळ :
दादा, मला एकदा सोबत न्याल का? सामान थोडंच आहे, पण लवकर उठायची तयारी आहे. येत्या रविवारी तिथी कोणती?

घाटउतार :
येत्या रविवारी एकादशी पडते, ओहोटी दुपारी. त्याच्या पुढच्या रविवारी शुद्ध तृतीया. तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे पहाटे सव्वादोनला भरती आणि साडेआठच्या सुमारास ओहोटी. ओढ जरा जास्त असेल, २.४ चे जिगहेड पण घे. तोपर्यंत डबल युनी गाठ अंधारात मारता येईल इतका सराव कर आणि एखाद्या विहिरीवर तासभर रबर सोडून बघ. शनिवारी रात्री आठला फोन करतो. पहाटे साडेतीन, रंकाळा स्टँड, रिक्षा थांब्याच्या बाजूला. गाडीत अजून एकाची जागा आहे.

बंधाऱ्यावरचा :
ती माझी.